बर्फाची हौस आणि बेसावधपणाची किंमत

डिसेंबर महिना जवळ आला की पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतून हिमालयाच्या गोष्टी सुरू होतात. मुलांच्या नाताळच्या सुट्या, कचेरीतील साठलेली रजा आणि दारात उभी असलेली नवी मोटार या तिन्हींचा योग जुळून आला म्हणजे मनालीला, सोनमर्गला किंवा सिक्कीमला बर्फ पाहावयास जाण्याचा बेत ठरण्यास फारसा वेळ लागत नाही. या हौसेला आम्ही नावे ठेवू इच्छीत नाही. ज्या प्रांतात पाऊस चार महिने कोसळतो पण बर्फ कधीच पडत नाही, त्या प्रांतातील माणसाला शुभ्र शिखरांची ओढ वाटावी हे स्वाभाविकच आहे. शिवाय, पूर्वी ही यात्रा धाडसी माणसांपुरती मर्यादित होती, ती आता सर्वांना सुलभ झाली आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगच्या पोटातून काढलेला ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा वाहतुकीस खुला झाला आणि मनाली-लेह हे अंतर ४६ किलोमीटरांनी घटले. एके काळी हिवाळ्यात महिनोन् महिने जगापासून तुटून राहणारे लाहूलचे खोरे मनालीपासून तास-दोन तासांवर आले. १३ जानेवारी २०२५ रोजी काश्मिरात सोनमर्गचा बोगदाही सुरू झाला. रस्ते झाले, बोगदे झाले, उपाहारगृहे झाली. मात्र त्या रस्त्यांवरून हिवाळ्यात मोटार कशी न्यावी, तिच्यात काय असावे आणि ती अडकली तर काय करावे, हे ज्ञान मात्र त्या वेगाने पसरलेले नाही. सोय आणि समज यांच्यातील ही तफावतच आजच्या आमच्या चिंतेचा विषय आहे.

ही चिंता काल्पनिक नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी जे घडले, ते हिमालयात मोटार घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी नीट समजून घेतले पाहिजे. इस्लामाबाद-रावळपिंडीच्या सपाट प्रदेशातून हजारो कुटुंबे बर्फवृष्टी पाहावयास आपापल्या गाड्यांतून वर गेली. ७ जानेवारीच्या रात्री हिमवादळ झाले, झाडे रस्त्यावर आडवी पडली, गाड्यांची रांग जागच्या जागी थिजली आणि ८ तारखेची सकाळ उजाडली तेव्हा त्या गाड्यांतून किमान २२ माणसांचे मृतदेह काढावे लागले. त्यांत लहान मुले होती. एकाच कुटुंबातील आठ जण होते. ही माणसे काही कडेकपारीत भरकटलेली नव्हती. ती डांबरी रस्त्यावर, वस्तीपासून थोड्या अंतरावर, मऊ आसनांवर बसून मेली. थंडीने काहींचा बळी घेतला. पण अनेकांचा बळी घेतला तो त्यांनी ऊब मिळावी म्हणून चालू ठेवलेल्या इंजिनाने. बर्फ साचून धुराचे नळकांडे बुजले, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू गाडीत शिरला आणि झोप आली असे समजून जे डोळे मिटले, ते पुन्हा उघडले नाहीत. पुढे चौकशी झाली आणि पंधरा अधिकारी निलंबित झाले. परंतु मेलेल्यांना त्याचा काय उपयोग?

ही शेजारच्या देशातील गोष्ट आहे, आपल्याकडे असे होत नाही, असे म्हणून कोणी समाधान मानू नये. २८ डिसेंबर २०१८ रोजी सिक्कीममध्ये नथुलाहून परतणारी तीन-चारशे वाहने अकस्मात झालेल्या हिमवर्षावात अडकली. सुमारे अडीच हजार पर्यटक त्यांत होते. लष्कराच्या जवानांनी त्यांना बाहेर काढले, स्वतःच्या बराकी त्यांना झोपावयास दिल्या, अन्न, औषधे व गरम कपडे पुरविले, म्हणून ती रात्र निभावली. २०२४ च्या नाताळाच्या आगेमागे मनालीजवळ सोलंग आणि अटल बोगदा यांच्या दरम्यान असाच प्रसंग आला. २७ डिसेंबरला तर सुमारे एक हजार वाहने आणि पाच हजार पर्यटक तेथे अडकून पडले व कुलूच्या पोलिसांनी त्यांची सुटका केली. दोन्ही वेळा अनर्थ टळला, याचे श्रेय जवानांचे आणि पोलिसांचे आहे. अडकलेल्यांच्या पूर्वतयारीचे नाही. मरी आणि सोलंग यांच्यातील अंतर किती, तर मदत वेळेवर पोहोचणे आणि न पोहोचणे यांच्यातील अंतर असेल तेवढेच. एवढ्या बारीक धाग्यावर आपल्या मुलाबाळांचे प्राण टांगून ठेवणे शहाणपणाचे आहे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आपल्याकडील मोटारचालक अकुशल आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याने आषाढात वरंध घाट उतरला आहे, किंवा पहाटेच्या धुक्यात कसारा ओलांडला आहे, तो कच्चा चालक नव्हे. पण घाटाचे ज्ञान निराळे आणि बर्फाचे निराळे. कोरड्या डांबरावर ताशी ४० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी ब्रेक लावल्यापासून नऊ-दहा मीटरांत थांबते. तीच गाडी गोठलेल्या रस्त्यावर थांबावयास साठ मीटरांहून अधिक अंतर घेते. म्हणजे ज्या वळणावर आपण आयुष्यभर ज्या ठिकाणी ब्रेक लावला, त्या ठिकाणी तो लावला तर गाडी वळणाच्या पलीकडे, कदाचित दरीत, जाऊन थांबेल. यात चालकाच्या हाताचा दोष नाही. पदार्थविज्ञानाचा नियम त्याच्या सवयीला विचारीत नाही, इतकेच. डोळ्यांना न दिसणारा बर्फ तर याहून घातक. छायेतील वळणे आणि पुलांचे पृष्ठभाग यांच्यावर पहाटे काचेसारखा पातळ थर जमतो व त्यातून काळा रस्ता तसाच दिसत राहतो. ऊन चढेपर्यंत अशा रस्त्यावर न निघणे हीच पहिली खबरदारी होय.

चार चाकांना शक्ती देणारी जीपगाडी घेतली की ही चिंता मिटली, असा एक समज जाहिरातींनी पसरविला आहे. तो दूर करणे अगत्याचे आहे. चारही चाकांची शक्ती गाडीला बर्फातून बाहेर पडण्यास व चढ चढण्यास साहाय्य करते, हे खरे. पण थांबण्याच्या वेळी तिचा काडीइतकाही उपयोग नाही. ब्रेक सर्वच गाड्यांना चारही चाकांवर असतात आणि पकड असते ती टायरची. म्हणून मोठी गाडी घेतलेला मनुष्य अधिक निर्धास्तपणे, अधिक वेगाने आणि अधिक उंचीवर जाऊन अडकतो. आपल्याकडील बहुतेक गाड्यांचे टायर उष्ण हवामानासाठी बनविलेले असतात. उष्णतामान सात अंशांच्या खाली गेले की त्यांचे रबर कडक होऊ लागते व पकड कमी होते. जर्मनीत अशा हवामानात हिवाळी टायरांवाचून रस्त्यावर येण्यास कायद्याने मनाई आहे. कॅनडातील क्युबेक प्रांतात डिसेंबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत ते सक्तीचे आहेत. आठ दिवसांच्या सहलीसाठी चार नवे टायर घ्यावेत, असे आम्ही कोणास सांगणार नाही. परंतु झिजलेले टायर घेऊन जाऊ नये, एवढे तरी सांगितलेच पाहिजे. कायद्याला टायरची खाच १.६ मिलिमीटर खोल असली म्हणजे पुरे. बर्फाला ती पुरत नाही. तेथे निदान चार मिलिमीटर तरी हवी.

टायरच्या हवेविषयीही घरी बसून हिशेब करणे व्यर्थ आहे. उष्णतामान सुमारे साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधील दाब एका पौंडाने घटतो. उलट, उंचीवर बाहेरची हवा विरळ झाल्यामुळे मापक काहीसा अधिक दाब दाखवितो. म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर, सकाळी, चाके गार असताना दाब तपासून घ्यावा, हेच इष्ट. येथे आणखी एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. २०२० मध्ये नियमांत बदल होऊन काही अटींवर नव्या मोटारींना जादा चाक न देण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. आपल्या गाडीत स्टेपनी आहे की नुसती पंक्चर बुजविण्याची कुपी आहे, हे प्रवासास निघण्यापूर्वी डिकी उघडून पाहिलेले बरे. टायरची कड फाटली तर ती कुपी काही कामाची नाही.

बर्फातील खरा सोबती म्हणजे चाकांना बांधावयाची साखळी. ती ज्या चाकांना इंजिनाची शक्ती मिळते त्याच चाकांना बांधावी लागते. बहुतेक लहान मोटारींत ती पुढची चाके असतात, तर काही मोठ्या गाड्यांत मागची. आपल्या गाडीत ती कोणती, हे अनेक मालकांस ठाऊक नसते. टायरच्या मापाची साखळी घ्यावी आणि घरच्या अंगणात दोन-तीनदा बांधून-सोडून पाहावी. कारण जी गाठ पुण्याच्या उन्हात बसून मारता येत नाही, ती हिमवर्षावात गोठलेल्या बोटांनी मारता येईल हे संभवत नाही. साखळी बांधल्यावर वेग सावकाश, फार तर ताशी तीस-चाळीस किलोमीटर ठेवावा आणि उघडे डांबर लागताच ती काढावी. नाही तर टायर आणि साखळी दोन्ही जातात. उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरावे. सुकाणू, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांपैकी कशालाही झटका देऊ नये. पुढील वाहनापासूनचे अंतर नेहमीच्या अनेक पट राखावे.

आता गाडीच्या अंतरंगाकडे वळू. थंडीत सर्वांत आधी दगा देते ती बॅटरी. उणे अठरा अंशांच्या सुमारास तिची शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते आणि नेमके त्याच वेळी घट्ट झालेले तेल इंजिनाला जड करून ठेवते. मुंबईच्या हवेत सकाळी एकाच किल्लीत सुरू होणारी तीन-चार वर्षांची जुनी बॅटरी मनालीत मुकी होते, याचे कारण हेच. निघण्यापूर्वी ती भार देऊन तपासून घ्यावी. इंजिनातील पाण्याचीही अशीच गोष्ट आहे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि त्या दाबापुढे लोखंडही तडकते. उन्हाळ्यात कोणी मेकॅनिकने नळाचे साधे पाणी भरून दिले असेल, तर ते काढून कूलंट भरावे. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे असले म्हणजे मिश्रण उणे पस्तीस अंशांपर्यंत गोठत नाही. काच धुण्याच्या टाकीतील पाणीही विसरू नये. त्यातही न गोठणारा द्रव हवा.

डीझेलच्या गाड्यांना आणखी एक धोका असतो. डीझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. कडक थंडीत त्यांचे स्फटिक होतात, फिल्टर तुंबतो आणि इंधन असूनही इंजिन उपाशी मरते. लडाखसाठी इंडियन ऑइल कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डीझेल आणले, ते याच कारणासाठी. मैदानी प्रदेशात भरलेले डीझेल घेऊन कोणी थेट अतिशीत मुलखात जाऊ नये. पायथ्याशी टाकी बरीच रिकामी करून वरच्या भागातील पंपावर भरावी आणि पुढे ती निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये. इंजिन एका जागी चालू ठेवण्यास तासाला साधारण अर्धा ते एक लिटर इंधन लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे अर्धी टाकी हा प्राण वाचविणारा साठा कसा, हे कळून येईल. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या मालकांनी तर अधिकच सावध असावे. थंडीत बॅटरीचा पल्ला बराच घटतो आणि गाडी गरम ठेवण्याचा खर्चही त्याच बॅटरीतून जातो.

हिमालय गाठण्यापूर्वी उत्तरेचे मैदान ओलांडावे लागते आणि तेथे डिसेंबर-जानेवारीत धुके असते. पन्नास मीटरांपलीकडचे दिसेनासे झाले की हवामान खाते त्याला अति दाट धुके म्हणते. ताशी ८० किलोमीटर वेगाने चालणारी गाडी कोरड्या रस्त्यावरही चालकाच्या प्रतिक्रियेसह पन्नास मीटरांहून अधिक अंतर घेतल्यावाचून थांबत नाही. म्हणजे त्या धुक्यात ऐंशीचा वेग म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून धावणे होय. वेग निम्म्याहून कमी करावा, दिवा खालच्या झोतावर ठेवावा; वरचा झोत धुक्यावर आपटून चालकाच्याच डोळ्यांत येतो. रस्त्याच्या मध्येच थांबण्याचा मोह आवरावा. थांबावयाचेच असेल तर हमरस्ता सोडून पंपावर अगर ढाब्यावर थांबावे आणि पहाटेचा प्रवास टाळून ऊन पडल्यावर निघावे. दोन तास उशिरा पोहोचल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

आता गाडीत बाळगावयाच्या शिदोरीविषयी. आपल्या आज्या-पणज्या प्रवासाला निघताना तांब्या, दशम्या आणि वळकटी घेतल्यावाचून उंबरा ओलांडीत नसत. आपण त्या सवयीला हसलो आणि भ्रमणध्वनीच्या भरवशावर निघू लागलो. बर्फाच्या वाटेवर आजीचेच शहाणपण कामास येते. माणशी एक जाड घोंगडी किंवा रजई, कोरड्या लोकरी मोज्यांचे व हातमोज्यांचे जादा जोड, कानटोप्या, शेंगदाणे, गूळ, चिक्की, खजूर, सुकामेवा यांसारखे न शिजविता खाता येणारे व अंगात ऊब आणणारे पदार्थ, थर्मासमध्ये गरम पाणी व काठोकाठ न भरलेल्या बाटल्यांतून पिण्याचे पाणी, नित्याची औषधे चार दिवस जादा पुरतील इतकी, प्रथमोपचाराची पेटी, हातविजेरी व तिचे जादा सेल, लहानसे फावडे, वाळूची अगर राखेची पिशवी, ओढण्याचा दोर, बॅटरी जोडण्याच्या तारा, चकाकणारा त्रिकोण, लाल फडके आणि शिटी. एवढे सामान डिकीच्या एका कोपऱ्यात मावते. मात्र घोंगड्या व खाऊ डिकीत नव्हे, तर हाताशी ठेवावे; बर्फाने डिकी गोठली तर उघडत नाही. फोन अंगाजवळ, कपड्यांच्या आत ठेवावा. थंडीने त्याचीही बॅटरी खचते. ११२ हा संकटकाळचा क्रमांक मुलांनाही पाठ असावा. ही देशव्यापी सेवा २०१८ मध्ये ज्या राज्यात प्रथम सुरू झाली ते हिमाचल प्रदेशच होय.

इतके करूनही गाडी अडकलीच तर? तर गाडी सोडून पायी निघू नये. वादळात माणूस शंभर पावलांवर वाट चुकतो. गाडी मात्र शोधणाऱ्यांना दिसते. अँटेनाला किंवा दाराला लाल फडके बांधावे, सर्वांनी एकमेकांना चिकटून बसावे, ओले कपडे बदलावे. आणि जी गोष्ट मरीच्या मृतांना कोणी सांगितली नव्हती, ती प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावी: इंजिन सुरू करण्यापूर्वी उतरून धुराच्या नळकांड्याभोवतीचा बर्फ हातांनी उपसावा, दर वेळी उपसावा, तासातून दहा मिनिटेच इंजिन चालवावे, आणि त्या वेळी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची एक काच बोटभर खाली ठेवावी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट जोराने चिकटतो. डोके दुखू लागणे, गरगरणे, मळमळणे आणि अनावर झोप येणे ही त्याची चिन्हे. थंडीने पेंग आली असे समजून जो झोपतो, तो फसतो. अशा वेळी दारे उघडून सर्वांनी बाहेरची हवा घ्यावी. गाडीत शेगडी पेटविणे म्हणजे याच यमदूताला हाताने आत बोलाविणे आहे. मद्याने ऊब येते, ही समजूतही तितकीच घातक. त्वचेला ऊब भासते, पण शरीरातील उष्णता मात्र अधिक वेगाने बाहेर जाते.

येथे आम्हांला एका अशा माणसाविषयी बोलावयाचे आहे, ज्याची आठवण सहलीच्या आखणीत कोणास होत नाही. हजारो कुटुंबे स्वतःची मोटार न नेता भाड्याची गाडी करतात. दिवसभर ती आपल्याला फिरविते; रात्री आपण हॉटेलात रजया ओढून झोपतो. त्या गाडीचा चालक कोठे झोपतो? पुष्कळदा गाडीतच. बाहेर उणे पाच अंश, काचा बंद आणि ऊब हवी म्हणून इंजिन चालू. वर ज्या विषाचे वर्णन केले, त्याच्या तोंडी आपण रोज रात्री एका माणसाला देतो आणि सकाळी तो वेळेवर हजर नसला की रागावतो. दिवसभर आपली मुले ज्याच्या हातात सोपवायची, त्याला रात्रीची झोपही द्यायची नाही, यात माणुसकी तर नाहीच, पण साधा स्वार्थही नाही. अर्धवट झोपलेला चालक दुसऱ्या दिवशी बर्फावर गाडी हाकणार असतो. गाडी ठरविताना दर किती, हे विचारण्याबरोबर चालकाच्या निजण्याची व्यवस्था काय, हेही विचारावे व त्याचा खर्च आनंदाने सोसावा. आपल्याकडील प्रवासी कंपन्यांनीही हा खर्च छापील दरपत्रकातच धरावा, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे.

परंतु सगळा भार प्रवाशांवर टाकून सरकारला मोकळे सोडता येणार नाही. अटल बोगद्याची आखणी दिवसाला तीन हजार मोटारी व दीड हजार ट्रक एवढ्या वाहतुकीसाठी करण्यात आली आहे. रोहतांगच्या खिंडीवर जाणाऱ्या पर्यटक वाहनांची संख्या राष्ट्रीय हरित लवादाने दिवसाला बाराशेपर्यंत मर्यादित केली, ती पर्यावरणाच्या रक्षणासाठी. हिवाळ्यात खिंड बंद असते आणि सारी गर्दी बोगद्याकडे लोटते. तिला तशी कोणतीच संख्येची मर्यादा नाही. बर्फ सांडू लागला की चार चाकांच्या शक्तीच्या अगर साखळ्या बांधलेल्या गाड्याच सोडण्याचा हुकूम निघतो, हे ठीक. पण तोपर्यंत हजारो गाड्या वर जाऊन बसलेल्या असतात. आग लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार आहे. हवामान खात्याचा इशारा आदल्या दिवशी मिळतो. त्या इशाऱ्यासरशी फाटक मनालीलाच बंद झाले पाहिजे, सोलंगला नव्हे. त्या फाटकापाशी साखळ्या भाड्याने मिळाव्यात, टायर पाहिले जावेत व ज्यांची तयारी नसेल त्यांना नम्रपणे परत फिरविले जावे. यास पैसा फार लागत नाही; लागतो तो निर्धार.

पर्यटनाचा हंगाम बुडेल, स्थानिकांच्या पोटावर पाय येईल, असा आक्षेप यावर घेतला जाईल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डोंगरातील कुटुंबांची वर्षाची कमाई या दोन-तीन महिन्यांवर अवलंबून असते. पण नीट विचार केला तर हित यातच आहे. मैदानातून आलेल्या गाड्या मनालीतच थांबल्या आणि पुढचा मार्ग तेथील चालकांच्या साखळीबंद गाड्यांतून होऊ लागला, तर चार पैसे त्यांनाच मिळतील. ज्याने बालपणापासून बर्फ पाहिला, त्याच्या शेजारी बसून जाण्यात कमीपणा कसला? उलट, एक मोठा अपघात झाला तर हंगाम बुडेल तो एका वर्षापुरता बुडणार नाही. सीमा सडक संघटनेचे जवान १९६० पासून या पहाडांत रस्ते राखण्यासाठी जिवाचे रान करीत आले आहेत. त्यांच्या बर्फ उपसणाऱ्या यंत्रांची वाट आडव्यातिडव्या घसरलेल्या हौशी गाड्यांनी अडविणे, याला पर्यटन म्हणता येत नाही.

आणि येथेच या प्रश्नाचे नागरिकत्वाशी असलेले नाते स्पष्ट होते. आपली मोटार ही आपली खाजगी बाब आहे, असे आपण मानतो. ती मैदानात एक वेळ खरी असेल. डोंगरातील एकपदरी रस्त्यावर मात्र एका गाडीचे झिजलेले टायर मागच्या पाचशे गाड्यांचे भवितव्य ठरवितात. त्या पाचशे गाड्यांत कोणी दमेकरी वृद्ध असेल, कोणी तान्हे मूल असेल, एखादी प्रसूतीला निघालेली लाहूलची स्त्रीही असेल, जिच्यासाठी तो रस्ता हौस नसून जीवनमार्ग आहे. तयारीवाचून वर जाणारा मनुष्य केवळ स्वतःच्या जिवाशी खेळत नाही. त्याला सोडविण्यासाठी मध्यरात्री बर्फात उतरणाऱ्या शिपायाच्या जिवाशीही खेळतो. धैर्य आणि बेफिकिरी यांत महदंतर आहे. धैर्यवान मनुष्य संकटाची मोजदाद करून निघतो. बेफिकीर मनुष्य ती दुसऱ्यांवर सोपवून निघतो.

म्हणून येत्या सुटीत उत्तरेकडे निघणाऱ्या आमच्या वाचकांस आमचे सांगणे एवढेच की, हौस जरूर करावी, पण तिची तयारी हॉटेलची खोली राखून ठेवण्यापाशी संपली असे मानू नये. निघण्यापूर्वीचा एक रविवार गाडीला द्यावा, एक संध्याकाळ डिकीतील सामानाला द्यावी आणि कुटुंबातील प्रत्येकाला धुराच्या नळकांड्याची ती गोष्ट समजावून सांगावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आकाश भरून आले आणि मनाने कच खाल्ली तर मागे फिरण्याची लाज बाळगू नये. दोन हजार किलोमीटर आलो, आता दहा किलोमीटरांसाठी काय परत जायचे, हा विचारच आजवर अनेकांना नडला आहे. शिखरे कोठेही जात नाहीत. ती पुढच्या वर्षीही तेथेच असतील. ती पाहावयास आपण असलो पाहिजे.